वाळवणाच्या कपाटाचं दार
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आम्ही वाळवणाबद्दल बोलणार आहोत. पापड-कुरडयांची कृती तुम्हांला आमच्यापेक्षा चांगली येत असेल, म्हणून ती सांगणार नाही. उन्हावर चालणारं वाळवणाचं कपाट आता बऱ्याच गटांना माहीत झालं आहे. त्या कपाटाला दार कसं असावं, ते कशाचं करावं, त्यात काच किती आणि कुठे बसवावी, आणि सुताराकडून ते नीट कसं करून घ्यावं, एवढाच आजचा विषय आहे. दारासाठी एवढं भाषण कशाला, असं कोणी म्हणेल. पण कपाटात कोंडलेलं ऊन कुठून निसटत असेल, तर ते बहुतेक दारातूनच निसटतं.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगतो. टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे, पण आजूबाजूला अजून भाताची शेतं आहेत, वीटभट्ट्या आहेत, शेजारून काळू नदी वाहते. पूर्वी प्रत्येक घराला अंगण होतं. खाटेवर, सुपात, धुतलेल्या लुगड्यावर वाळवण घातलं की संध्याकाळपर्यंत काम होई. आता अंगणाच्या जागी इमारती आल्या. उरलेल्या जागेत रस्त्याची धूळ आणि भट्टीची राख येते. नदीकाठी पहाटे दव पडतं, त्यामुळे आदल्या दिवशी वाळलेलं सकाळी पुन्हा मऊ पडतं. कावळे आहेत, माश्या आहेत. आणि अलीकडे मार्च-एप्रिलमध्येही अवकाळी पावसाची सर येऊन जाते. घरच्यापुरतं वाळवण असेल तर नुकसान पोटात घालता येतं. विकायचं असेल तर तसं चालत नाही. मंगळवारी, चतुर्थीला आणि विशेषतः अंगारकीला महागणपतीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. त्या गर्दीतल्या बाईने एकदा आपलं पाकीट घेतलं आणि त्यात बुरशी निघाली, तर ती पुन्हा आपल्याकडे येत नाही.

बुरशीचं आणखी एक सांगायला हवं. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर, डाळीवर जी बुरशी धरते, तिच्यातले काही प्रकार विष तयार करतात. ते विष नुसतं पुसून, धुऊन किंवा शिजवून जात नाही. म्हणून नीट वाळवणं हा तब्येतीचाही प्रश्न आहे.

आता कपाट म्हणजे काय ते थोडक्यात. चारही बाजूंनी बंद पेटी, वर तिरपी काच, आत जाळीची तबकं, खाली हवा यायला झरोका आणि वर हवा जायला झरोका. काचेतून ऊन आत येतं, आतल्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तितक्या सहज परत जात नाही. ही युक्ती जुनी आहे. १७६७ साली स्वित्झर्लंडमधल्या ओरास द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने लाकडी पेटीला आतून काळं बूच लावलं, वर काचेचे तीन थर बसवले आणि नुसत्या उन्हावर पेटीच्या आत १०० अंशांच्या वर तापमान नेलं. आपल्या घरातला पेटीसारखा सौरचूल त्याच पेटीचा वंशज आहे. वाळवणाचं कपाट त्याचं भावंडं म्हणा. फरक एवढाच की चुलीत वाफ कोंडायची असते आणि कपाटातून ती बाहेर काढायची असते.

आपल्या महाराष्ट्रातही यावर चांगलं काम झालं आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. त्यांच्या सौर ड्रायरवर मराठवाड्यातल्या गावोगावच्या शेतकरी बाया कांदा आणि भाज्या वाळवतात. या कामाला २०२३ साली अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. तयार ड्रायर घेता आला तर उत्तमच. पण ज्यांना गावच्या सुताराकडून लहान कपाट करून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचं बोलणं आहे.

आमच्या गटात कपाट करायचं ठरलं तेव्हा दारावरूनच सगळ्यांत जास्त चर्चा झाली. काहीजणी म्हणाल्या, साधं पत्र्याचं दार लावा, स्वस्त पडेल. काहीजणी म्हणाल्या, अख्खं काचेचं करा, आतलं दिसेल, शिवाय ऊनही येईल. सुताराचं म्हणणं होतं की नुसतं प्लायचं करून टाकू. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. मग आम्ही हिशोब मांडला. तो तुम्हीही ऐका.

समजा बाहेर ३२ अंश आहे आणि कपाटाच्या आत ६२ अंश. म्हणजे तीस अंशांचा फरक. दार ३२ इंच रुंद आणि २८ इंच उंच आहे. दार नुसत्या पत्र्याचं असेल तर त्यातून साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर जाते. जुना शंभरचा पिवळा बल्ब आठवा, तेवढी. अख्खं एका काचेचं दार केलं तरी तितकीच जाते, कारण पातळ काच आणि पातळ पत्रा या बाबतीत जवळजवळ सारखेच. दोन काचा घालून मध्ये हवेची फट ठेवली तर ती निम्मी होते, म्हणजे पन्नासच्या आसपास. आणि लाकडी चौकट, मध्ये दीड इंच भरण, त्यात वहीएवढं दुहेरी काचेचं तावदान, असं दार केलं तर ती तीसच्या आसपास येते. आमच्या कपाटाच्या वरच्या काचेतून भर दुपारी साधारण सातशे वॅट ऊन आत येतं. त्यातले सत्तर वॅट, म्हणजे दहावा हिस्सा, फक्त दार बदलून वाचतो. रोज, फुकट.

हे वाचतं कशामुळे? आपली गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असतात आणि थरांच्या मध्ये हवा अडकलेली असते. ती अडकलेली हवाच ऊब धरते. आंब्याची आढी लावताना आपण खाली-वर भाताचा पेंढा घालतो, त्यातही तेच. हवा मोकळी असली की फिरते आणि उष्णता घेऊन जाते. ती बारीक बारीक कप्प्यांत अडकवली की उष्णता अडते. दारात भरण घालायचं म्हणजे दाराला गोधडी शिवायची.

मग अख्खी गोधडीच का नको, मध्ये काच कशाला? कारण आत बघावं लागतं. वाळवण घातलेली बाई तासा-तासाला दार उघडून बघते. कितीही सांगितलं तरी बघतेच, कारण माल तिचा असतो. प्रत्येक वेळी दार उघडलं की गरम कोरडी हवा निघून जाते आणि माशी, धूळ आत येते. छोटं तावदान ठेवलं आणि त्याच्या समोर आत थर्मामीटर टांगला, तर दार न उघडता रंग दिसतो, पापडाच्या कडा वळलेल्या दिसतात, अंश वाचता येतात. म्हणून तावदान हवं, पण बघण्यापुरतं. आम्ही १२ इंच रुंद आणि ८ इंच उंच ठेवलं. त्याहून मोठं करून काही जास्त दिसत नाही.

आता दार कोणत्या बाजूला? वरची काच दक्षिणेकडे उतरती ठेवायची. टिटवाळा उत्तरेला साधारण १९ अंशांवर येतं. काचेला साधारण तेवढाच उतार दिला की वर्षभराचं ऊन चांगलं मिळतं. सुताराला अंश सांगू नका. त्याला सांगा, तीन फुटांना एक फूट चढ. कपाट तीन फूट खोल असेल तर पुढची, म्हणजे दक्षिणेची भिंत दोन फूट आणि मागची, उत्तरेची भिंत तीन फूट. झाला उतार. ठाणे, पालघर, नाशिक, नगर, सगळीकडे हेच माप चालेल. मेच्या मध्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा उताराने फारसा फरक पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. मेथी, कडीपत्ता, आवळा वाळवायचा हंगाम तोच, म्हणून उतार हवाच.

दार उत्तरेच्या उंच भिंतीत ठेवायचं. याचे तीन फायदे. एक, तबकं काढणारी बाई कपाटाच्या मागे उभी राहते, तिची सावली काचेवर पडत नाही. दोन, तिला स्वतःला कपाटाची थोडी सावली मिळते. तीन, तावदानातून थेट ऊन आत शिरत नाही. हिरव्या पाल्याचा रंग आणि त्यातलं 'अ' जीवनसत्त्व थेट उन्हाने कमी होतं. म्हणून पाला वाळवताना वरच्या तबकावर काळं सुती कापडही पसरायचं असतं.

आता मापं सांगतो. वहीत लिहून घ्या. आम्ही सावकाश सांगतो.

मागच्या भिंतीतलं उघडं भोक ३० इंच रुंद आणि २६ इंच उंच. दार त्याहून चारही बाजूंनी एकेक इंच मोठं, म्हणजे ३२ बाय २८. दार चौकटीच्या आत घट्ट बसवायचं नाही. ते फ्रिजच्या दारासारखं बाहेरून टेकलं पाहिजे. आपल्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगतं. आत बसणारं दार जुलैत अडकतं आणि रंधा मारून सैल केलं की जानेवारीत फट पडते. बाहेरून टेकणाऱ्या दाराला ही कटकट नाही.

दाराची चौकट दोन बाय दीड इंचाच्या रिपेची. लाकूड वाळलेलं, गाठ नसलेलं. सागवान मिळालं तर उत्तम, जुन्या घराचं उतरवलेलं मिळालं तर आणखी उत्तम, कारण ते मुरलेलं असतं. चौकटीच्या मध्ये तावदानासाठी दुसरी छोटी चौकट आणि तिच्या वर-खाली आडव्या रिपा. या आडव्या रिपा महत्त्वाच्या आहेत, त्याचं कारण पुढे येईल. बाहेरच्या बाजूला ६ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आतल्या बाजूला अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा. आतला पत्रा कडेवरून बाहेर वळवायचा नाही. कढईचा कान जसा चटका देतो, तसा तो वळवलेला पत्रा आतली उष्णता सरळ बाहेर आणून सोडतो. पत्रा कडेच्या अर्धा इंच आतच थांबवायचा. आतून रंग मारायचा नाही. बाहेरून प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट.

आता भरण. दुकानदार थर्माकोल दाखवतो. तो हलका असतो, उष्णताही चांगली अडवतो. पण ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. रिकामं कपाट मे महिन्यात बंद राहिलं तर आतला पत्रा तेवढा तापू शकतो. शिवाय थर्माकोल पेट घेतो आणि मुंग्या त्यात घरं करतात. काचलोकर, म्हणजे ग्लासवूल, उष्णतेला टिकते, पण तिचे बारीक तंतू हाताला आणि श्वासाला त्रास देतात. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधूनच ती भरावी लागते आणि अन्नाच्या कपाटात एकही तंतू बाहेर येता कामा नये. आम्ही निवडलं भाताचं तूस. कल्याण, मुरबाड, शहापूर हा भाताचा पट्टा. गिरणीवर तूस पडलेलं असतं. ते सहजासहजी कुजत नाही आणि उष्णता अडवण्यात थर्माकोलच्या जवळपास जातं. एका दाराला दोन किलोच्या आतच लागतं.

तूस भरताना तीन गोष्टी पाळा. दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि गरम असतानाच भरा. चाळून घ्या, म्हणजे कणी आणि कोंडा राहणार नाही. खाण्यासारखं काही राहिलं नाही की किडा आणि उंदीर येत नाही. तिसरी गोष्ट, ठासून भरा. डब्यात पोहे भरताना आपण डबा आपटतो तसं दार आपटत भरा. दार रोज उघड-मीट होतं, त्याने तूस खाली बसतं आणि वरच्या भागात पोकळी होते. म्हणूनच त्या आडव्या रिपा. कप्पे छोटे असले की तूस थोडंच खाली बसतं. भरून झालं की सगळे सांधे गोंद लावून बंद.

आता तावदान. दोन काचा, प्रत्येकी ४ मिलिमीटरची, मध्ये अर्ध्या इंचाची फट. फट दुप्पट केली तर दुप्पट फायदा होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. पाऊण इंचाच्या पुढे मधली हवा फिरायला लागते आणि फायदा थांबतो. काच टफन केलेली घ्या. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर सुरीसारखे तुकडे न होता बारीक बोथट खडे होतात. मात्र टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून आधी लाकडी चौकट करून घ्या, तिचं माप घ्या, ते पुन्हा मोजा आणि मगच कल्याणला काचेची ऑर्डर द्या. काच चौकटीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन ते तीन मिलिमीटर लहान हवी. तापल्यावर काच आणि लाकूड वेगवेगळे पसरतात. घट्ट बसवलेली काच तडकते.

जुन्या खिडक्यांना लुकण लावून काच बसवत. या दाराला लुकण नको, ते उष्णतेने वाळून तडकतं. सिलिकॉन वापरा आणि दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते पत्र्याला खातं. काचा बसवायचं काम पावसाळ्यात करू नका. कोरड्या दिवशी भर दुपारी करा. दमट हवा दोन काचांच्या मध्ये कोंडली गेली तर थंडीच्या पहाटे आतून धुकं धरतं आणि तावदान पुसताही येत नाही. औषधाच्या बाटलीत ओलावा शोषणारी छोटी पुडी येते, तशी एक पुडी मधल्या फटीत खालच्या रिपेवर ठेवता येते. काचेच्या आतल्या बाजू बसवण्यापूर्वी स्वच्छ पुसा आणि नंतर बोट लावू नका. बाहेरची पट्टी खिळ्याने ठोकू नका, स्क्रूने बसवा. काच बदलायची वेळ आली तर दार मोडावं लागणार नाही.

असं तयार झालेलं दार दहा-बारा किलोचं होतं. म्हणून तीन इंची तीन बिजागऱ्या लावा, दोन नकोत. दोनवर दार काही महिन्यांत झुकतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. कड्या दोन लावा, एक वर आणि एक खाली. मध्ये एकच कडी लावली तर दाराचे कोपरे उचलले जातात. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून छोटी साखळी लावा. आणि दाराच्या वर दोन इंच पत्र्याचा छज्जा काढा, म्हणजे पागोळी दारावर पडणार नाही.

आता राहिली फट. भोकाच्या चारही बाजूंनी रबरी पट्टी चिकटवायची. मोटारीच्या दाराला असते तशी पोकळ रबरी पट्टी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती उष्णता सोसते. फोमची चिकटपट्टी स्वस्त असते, पण एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो.

कोणी विचारेल, कपाटाला झरोके तर आपणच ठेवतो, मग दाराच्या फटीने काय बिघडलं? फरक असा. झरोक्यातून हवा खालून येते, तबकांमधून वर चढते, ओलावा घेते आणि वरून जाते. तिची वाट आपण ठरवलेली असते आणि तिला जाळी आहे. दाराच्या फटीतून हवा मध्येच निघून जाते. तबकापर्यंत ती पोहोचत नाही. आणि जिथून हवा जाते तिथून मुंगीही येते.

हवा ओलावा कसा घेते तेही ऐका. आपल्याकडे ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा हे नेहमीचं. त्या हवेत पापड वाळत नाही, कारण हवेचं पोट आधीच भरलेलं असतं. तीच हवा कपाटात ५० अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा २८ टक्क्यांच्या आसपास येतो. पाणी तेवढंच, पण हवेचं पोट मोठं झालं. आता ती पापडातलं पाणी ओढते. म्हणून कोकणच्या दमट हवेतही कपाट काम करतं, फक्त ऊन हवं. आणि म्हणूनच प्रत्येक अंश राखायचा.

दार बसलं की सुताराला पैसे देण्याआधी तीन परीक्षा घ्या. पहिली कागदाची. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडली पाहिजे. सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाही. चारही बाजूंना दर सहा इंचांवर बघा. दुसरी बॅटरीची. रात्री आत बॅटरी लावून ठेवा, झरोके झाका आणि बाहेरून बघा. तावदान सोडून कुठेही उजेडाची रेघ दिसता कामा नये. तिसरी अगरबत्तीची. दुपारी कपाट तापल्यावर दाराच्या कडेने पेटलेली अगरबत्ती सावकाश फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठे आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला तर तिथे फट आहे. तिथे खूण करा आणि बिजागरी किंवा कडी सरकवून घ्या. या परीक्षांना काही खर्च नाही आणि सुताराचाही अपमान नाही. चांगला कारागीर स्वतःच कागद मागून घेतो.

वापरताना तापमान तावदानातून बघत राहा. पालेभाजीला ४५ ते ५० अंश, फळं आणि इतर भाज्यांना ५५ ते ६०. त्याहून वर गेलं तर वरची साल कडक होते आणि आत ओल राहते. ते बाहेरून वाळलेलं दिसतं आणि पाकिटात बुरशी धरतं. तापमान वाढलं तर दार उघडू नका, वरचा झरोका जास्त उघडा. वरची आणि खालची तबकं दुपारी एकदा अदलाबदल करा, ते काम एकाच वेळी झटपट उरका. आमचूर, आवळा, टोमॅटो असं आंबट काही असेल तर तबकं स्टेनलेस स्टीलची हवीत, अॅल्युमिनियमची नकोत. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. संध्याकाळी ऊन उतरलं की झरोके बंद करा, नाहीतर रात्रीचं दव आत शिरतं. भरणाचं दार असलं की पहाटेचा गारवाही उशिरा पोहोचतो.

एक नियम आम्ही गटात कडक ठेवला आहे. कपाटाची कोणतीही काच, वरची असो की दारातली, तडकली किंवा फुटली, तर त्या वेळी आत असलेला सगळा माल टाकायचा. वेचून, चाळून, धुऊन ठेवायचा नाही. काचेचा खडा मिठाच्या खड्यासारखा दिसतो. दोनशे रुपयांचे पापड वाचवायला कोणाच्या लेकराच्या घशात काच जाऊ द्यायची नाही. म्हणून कपाट आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडाखाली आणि पोरांच्या क्रिकेटच्या वाटेत ठेवू नका. सकाळी माल भरण्याआधी काचेवरून ओलं फडकं फिरवताना कडा बघून घ्या. पाकिटं विकायची असतील तर लहान गटालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तपासणीला कोणी आलं तर काचेचा हा नियम लिहून भिंतीवर लावलेला असू द्या.

या कपाटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जून ते सप्टेंबर ते जवळजवळ बसूनच असतं. ढगाळ दिवशी वेळ दुप्पट लागतो. उडदाच्या पापडाची मोठी ऑर्डर एका कपाटात निघत नाही. तुमच्याकडे स्वच्छ गच्ची, कडक ऊन आणि राखण करायला माणूस असेल, तर घरच्यापुरत्या कुरडयांना कपाटाची गरजही नाही. पण जिथे अंगण गेलं, धूळ आली आणि माल विकायचा आहे, तिथे ते कामाला येतं. पावसाळ्यात ते रिकामं करा, दार किंचित उघडं ठेवून आत हवा खेळू द्या आणि वरून ताडपत्री घाला. दसऱ्याच्या सुमारास रबर, बिजागऱ्या आणि सिलिकॉन तपासा. दारावर बोटाने टकटक करा. वरच्या भागात पोकळ आवाज आला तर तूस बसलं आहे, कप्प्यात भर घाला.

शेवटी पैशांचं. लाकडाचे आणि काचेचे भाव ठिकाणागणिक बदलतात, म्हणून आम्ही आकडा सांगत नाही. पण यादी सांगतो, ती घेऊन दोन-तीन ठिकाणी भाव विचारा: दोन बाय दीडची साधारण अठरा फूट रीप, ३२ बाय २८ इंचाचं मरीन प्लाय, तेवढाच पातळ पत्रा, ४ मिलिमीटरच्या टफन काचेचे दोन छोटे तुकडे, साधारण दहा फूट रबरी पट्टी, तीन बिजागऱ्या, दोन कड्या, न्यूट्रल सिलिकॉनची एक नळी आणि तूस. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या आसपास किंवा जुन्या लाकडाच्या वखारीत उरलेले तुकडे स्वस्त मिळतात. एका दाराला तुकडेच लागतात. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, लाकूड जुनं घ्या. रबर आणि बिजागऱ्यांत वाचवू नका.

आणि सुताराकडे जाताना गटातल्या दोघींनी टेप घेऊन जा. चित्र वहीत काढलेलं असू द्या, त्यावर मापं लिहिलेली असू द्या. बाईने माप सांगितलं की काहीजण आधी हसतात. पण आपण रोज चार माणसांच्या भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजतो, पदर आखतो, खण बेततो. मापाची आपल्याला सवय आहे, ती फक्त लाकडावर चालवायची. कपाट गटाचं, माल गटाचा, मग दाराचं मापही गटाच्या वहीतच असलं पाहिजे. पुढच्या गावच्या गटाला कपाट करायचं असेल तर ती वही त्यांना द्या.

येत्या बैठकीत एवढं करा. तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ऊन कुठे राहतं ते दर तासाला खडूने आखून ठेवा. जिथे सहाही तास सावली येत नाही, ती कपाटाची जागा. तिथे उत्तर कोणती ते ठरवा आणि त्या बाजूला दाराची खूण करा. सुताराला त्यानंतर बोलवा.

तुमच्या वाळवणाला बरकत येवो.